परवान्याचं गाऱ्हाणं

माझ्या धाकट्या जावेला काही सुचलं की त्याचा त्रास आधी मला होतो. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला मधमाश्या पाळायच्या होत्या. माश्या आठ दिवसांत उडून गेल्या, जाताना फक्त मला चावल्या. मग गांडूळखत झालं, मग शिवणाची मशिनं झाली. त्यामुळे ‘तळलेल्या गऱ्यांचा कारखाना काढतंय’ असं ती म्हणाली तेव्हा मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. शाळेतून निवृत्त होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा पेपर सगळाच्या सगळा वाचायला मिळत होता.

आमचं गाव कसालपासून थोडं आत. एप्रिलात आमच्या परसातून चालताना पाहुणे समोर बघतात, आम्ही वर बघतो, कारण फणस कधी कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. एवढे फणस दरवर्षी गुरं खातात, ते डब्यात भरून विकू, असा जावेचा विचार. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची शेड, कुडाळच्या एका फरसाणवाल्याने काढून टाकलेली भट्टी, दोन मोठ्या कढया आणि स्वतः जाऊ.

आता माणसं पाहिजेत. गावातल्या नऊ बायका आल्या, त्यातल्या दोन टिकल्या. एकीला फणसाच्या चिकाने खाज सुटली, एकीच्या काजू पडायला लागल्या, आणि एकीच्या नवऱ्याला दुपारचं जेवण हातात लागतं असं चौथ्या दिवशी लक्षात आलं. जाऊ वैतागली आणि स्कूटर काढून वरच्या आंब्याच्या बागेत गेली. आमच्याकडे हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात. पुरुष राखण करतात, बायका पेट्यांत गवत भरतात, आणि आंबा संपला की जूनच्या तोंडावर बागवाला खोप्या रिकाम्या करून घेतो. जावेने तिथून पाच जणी आणल्या.

मी कपाळाला हात लावला. “अगो, आपली भाषा येणा नाय, चालीरीती ठाऊक नाय, कसा काय करतलंस?” असं मी तिला विचारलं.

“वैनी, फणसाक भाषा येता काय?” जाऊ म्हणाली आणि विळी त्यांच्या हातात देऊन मोकळी झाली.

त्या पाच जणींत एक पंचेचाळिशीची होती. उंचीने माझ्या खांद्याला लागेल न लागेल, पण आवाज असा की शेडमधून हाक मारली तर बागेतलं कुत्रं ओ द्यायचं. तिला सगळ्या थोरली म्हणायच्या. तिने पहिल्याच दिवशी हाताला तेल चोळलं, फणस उभा फाडला आणि चीक एका काडीवर असा गुंडाळला की आमच्या गावातल्या दोघी बघत राहिल्या. महिन्याभरात ती मालवणी बोलायला लागली. गावातल्या त्या दोघींकडून शिकलेली, म्हणजे अगदी तासून घेतलेली मालवणी.

मार्चात तारकर्लीहून एक बाई आल्या. त्यांचं समुद्रकाठी पर्यटकांसाठी घर आहे, बारा खोल्यांचं. त्यांनी एक गरा खाल्ला, मग डबाच मांडीवर घेतला. म्हणाल्या, “प्रत्येक खोलीत तुमचा पुडा ठेवते. पावसाळ्यात गरे नसले तर कुळथाचं पीठ द्या, मसाला द्या, पण वर्षभर द्या. फक्त पुड्यावर परवान्याचा नंबर पाहिजे.” म्हणजे परवाना आला तर पाचही जणींना बारा महिने काम, राहायला मागच्या अंगणातली खोली. नाही आला तर जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नेपाळची गाडी पकडायची. थोरलीने मला एकदा विचारलं होतं, “बाई, थय जावन काय करू? पाऊस थयपण पडता. पण काम नाय.”

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस नारळ ठेवून उभा राहतो, देवाला मोठ्याने हाक मारून काय हवं, काय नको ते सांगतो, आणि दर वाक्याला बाकीचे सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. भट्टी पहिल्या दिवशी काही केल्या पेटेना. जावेने नळी बदलली, काड्यांच्या दोन पेट्या संपवल्या. शेवटी आमचे चुलत सासरे आले. त्यांनी भट्टीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि भट्टी भस्सकन पेटली. सिलिंडरचा कॉक तोवर जावेने उघडला होता हे मला दिसलं होतं, पण सासऱ्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी गप्प बसले.

त्या दिवसापासून सासरे रोज सकाळी साडेआठला हजर. गाऱ्हाणं, मग चहा, मग ताज्या गऱ्यांची मूठ. नेपाळी बायकांना वाटलं, हा इथल्या कारखान्यांचा नियमच असावा. त्या रांगेत उभ्या राहायच्या आणि पत्रे हादरतील असं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या. थोरली तर सासऱ्यांना शंका विचारायची. एकदा तिने विचारलं की, गाऱ्हाण्यात ‘काय चुकला माकला’ म्हणता, पण नेमकं काय चुकलं ते देवाला का सांगत नाही? सासरे खूश झाले. म्हणाले, “सांगूक व्हयाच! देवाकडे लपवन काय फायदो? जा काय आसा ता सांगूचा.” बोलायला काय जातंय! जन्मभरात या माणसाने गाऱ्हाण्यात स्वतःची एकही चूक नावासकट सांगितलेली नाही. कुणीच सांगत नाही. चुकलंमाकलं एवढ्यावर आपण सगळं भागवतो.

मध्ये एक दिवस सासरे लग्नाला गेले आणि जावेने गाऱ्हाण्याशिवाय काम सुरू केलं. दहा वाजता गॅस संपला, साडेदहाला घरातला बोका मिठाच्या पाण्याच्या पातेल्यात पडला, आणि अकराला जावेच्या स्कूटरवर फणस पडला. थोरलीने विळी खाली ठेवली आणि सगळ्यांच्या वतीने निकाल दिला. “गाऱ्हाणा नाय, तर ग्यास नाय.”

परवान्यासाठी अन्नखात्याचे साहेब तपासणीला येणार असं कळलं तेव्हा जावेने मला गुणवत्ताप्रमुख केलं. पेपर वाचणं तिथेच संपलं. मी फळ्यावर नियम लिहिले, बायकांना ओळीत बसवलं, डोक्याला घालायच्या जाळीच्या टोप्या वाटल्या. सासऱ्यांच्या डोक्यावर एक केस नाही, तरी त्यांनी टोपी मागून घेतली. मग मी साहेब झाले आणि रंगीत तालीम घेतली.

“इथे उंदीर येतात का?” मी शुद्ध मराठीत विचारलं.

“व्हय म्हाराजा!” पाचही जणी एका दमात.

“पिण्याचं पाणी गाळता का?”

“व्हय म्हाराजा!”

“हात न धुता माल भरता का?”

“व्हय म्हाराजा!”

मी खडू आपटला. बत्तीस वर्षं मुलांना शिकवून मी थकले नव्हते, ती त्या दुपारी थकले. तीन दिवस घोकून घेतल्यावर त्या ‘नाही साहेब’ म्हणायला शिकल्या, पण तेही देवाला म्हणतात तसं मान वर करून.

गुणवत्तेच्या भरात माझ्या हातून एक घात झाला. तेलाची उष्णता बघायचं नवं यंत्र जावेने मुंबईहून मागवलं होतं. मी आकडा नीट दिसावा म्हणून चष्मा सावरायला गेले आणि यंत्र कढईत. झाऱ्याने काढलं तेव्हा ते वितळलेल्या कुल्फीसारखं वाकलं होतं. तेल टाकून द्यावं लागलं, ते मी जळलं म्हणून सांगितलं. यंत्र फणसाच्या सालींच्या ढिगात खोल पुरलं, आणि जावेला सांगितलं की दुरुस्तीला दिलंय. बघितलं फक्त थोरलीने. तिने मान हलवली, मी ओठांवर बोट ठेवलं.

तपासणीच्या दिवशी सासरे सकाळी लवकर कसालला गेले होते, नवी कवळी बसवून घ्यायला. साहेब यायच्या आत परततो म्हणाले आणि परतलेही. पण कवळी अशी घट्ट बसली होती की त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. गाऱ्हाण्याचं पहिलं ‘बा’ म्हणायला गेले तर शिट्टी वाजली. पुन्हा प्रयत्न केला तर वरचे दात खालच्यांवर आपटले आणि ते घाबरून तोंड धरून बाकावर बसले. तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

साहेब चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. “सदर युनिटमध्ये प्रत्यक्ष उत्पादन प्रक्रिया पाहायची आहे,” ते म्हणाले. “भट्टी सुरू करा.”

कुणी हललं नाही.

“पेटय गो,” जाऊ दातांतून म्हणाली.

थोरलीने मान हलवली. “गाऱ्हाणा?”

“आज ऱ्हवांदे. सायब उभे आसत.”

“गाऱ्हाणा नाय, तर ग्यास नाय,” थोरली म्हणाली. बाकीच्या चौघींनी हात मागे घेतले. जावेच्या कपाळावर घाम आला. साहेब घड्याळ बघत होते. सासऱ्यांनी बाकावरून काहीतरी फुसफुस केलं आणि थोरलीकडे बोट दाखवून खूण केली की तूच घाल. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या घरात मी कधी पाहिलं नव्हतं. पण थोरली वाट बघत नव्हतीच. तिने नारळ भट्टीपुढे ठेवला, पदर खोचला, जाळीची टोपी नीट केली आणि तो आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळ्या. आणि आमच्यातून एक पुरुषी आवाज. मी वळून बघितलं. साहेबांनी फाईल काखेत धरली होती, चपला काढल्या होत्या आणि हात जोडले होते. माणूस इथलाच निघाला. गाऱ्हाणं कानावर पडल्यावर इथल्या माणसाचे हात आपोआप जुळतात, तिथे सरकारी नोकरीचा काही उपयोग होत नाही.

“आज तुझ्या लेकरांनी ही भट्टी पेटवूक घेतल्यानी आसा, ती बरी पेटांदे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्ये सायब परवानो देवक इले आसत, तेंका बरी बुद्धी दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” साहेबांचा आवाज सगळ्यांत मोठा.

इथवर ठीक होतं. जावेने माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. मग थोरलीने दम घेतला आणि सासऱ्यांनी शिकवलं होतं ते करायला सुरुवात केली. जे काय आहे ते सांगायला.

“टाकीचा झाकण वाऱ्यान गेला, भुतूर बेडूक ऱ्हवता, तो कोणाच्या पोटात जाव नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बोको दुपारचो गऱ्यांच्या टोपलेत निजता, तेका दुसरी जागा दाखय म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्ये टोपये आमी आजच घातलव, उद्या पण घालूची बुद्धी दी म्हाराजा!”

जाऊ थोरलीचा पदर ओढत होती, पण गाऱ्हाणं मध्ये तोडत नाहीत हे तिलाही माहीत, त्यामुळे ओढता ओढता ती ‘व्हय म्हाराजा’ही म्हणत होती.

“आजोबा तळलेले गरे हातान उचलून खातत. तेंका दात दिलंस, आता चमचो पण दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाकावरून शिट्टी.

“बाईंनी तेलाचा मशीन कढईत पाडल्यानी, सालींत पुरल्यानी नि धाकल्या बाईंका दुरुस्तीक दिलंय म्हणान सांगल्यानी, तेंका माफ कर म्हाराजा!”

“व्हय—” जाऊ म्हणाली आणि तिची मान माझ्याकडे वळली. मी भट्टीकडे बघत राहिले. आता आणखी काय राहिलं, असं मला वाटलं.

थोरलीचा आवाज जरा खाली आला. “बाई रोज चारांक च्या देतत. सगळ्यांचे कप घरात, आमचे पाच पेले भायर खिडकेत. आमच्या हातान काय वायट घडला आसात, काय चुकला आसात, तर पोटात घाल म्हाराजा, नि आमका भुतूर घी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्या म्हणाल्या. साहेब म्हणाले. मीसुद्धा म्हणाले, पूर्ण आवाजात, आणि म्हणून झाल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हटलंय.

“नि पावसात आमका खंय धाडू नको म्हाराजा!” तिने शेवट केला, नारळ फोडला आणि गॅस पेटवला. गरे कढईत पडले. ती मिठाचं पाणी शिंपडायला लागली, जसं काही झालंच नव्हतं.

मला लाज वाटली. सरळ सांगते, शेडमधून निघून जावं असं वाटलं. ते पेले मीच ठेवले होते, पहिल्या दिवसापासून. गावातल्या दोघींना मी स्वयंपाकघरात कपबशीतून चहा द्यायची आणि या पाच जणींना खिडकीतून. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं, मीही ते मनात कधी पुरतं बोलले नव्हते. विचारलं असतं तर स्टीलचे पेले फुटत नाहीत असं काहीतरी म्हटलं असतं. वर्गात बत्तीस वर्षं सगळ्या मुलांना एका ओळीत बसवणारी मी. त्यांच्या कपाळाला माझ्यासारखंच कुंकू, त्या रोज माझ्याच देवाला माझ्यापेक्षा मोठ्याने हाक मारत होत्या. आणि ती बाई त्यात स्वतःची चूक शोधून माफी मागत होती.

जाऊ हळूच म्हणाली, “वैनी, खरा?” यंत्राबद्दल विचारत नव्हती ती. मी मान डोलावली. ती वळून घराच्या त्या खिडकीकडे बघायला लागली.

साहेबांनी चपला घातल्या, फाईल उघडली आणि लिहायला बसले. झाकण. बेडूक. बोका. टोप्या रोज वापरणे. नमुना चाखण्यासाठी चमचा. यंत्र नवीन घेणे. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. “कर्मचाऱ्यांची चहाची भांडी एकत्र धुणे व एकाच ठिकाणी ठेवणे,” त्यांनी वाचून दाखवत लिहिलं. “आरोग्याच्या दृष्टीने.”

“सायबानु, म्हणजे परवानो नाय?” जावेचा आवाज रडवेला झाला होता.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि सरकारी मराठी बाजूला ठेवली. “इतकी वर्सां तपासणी करतंय. लोक माका सगळा चकचकीत दाखयतत, नि मिया टाकेत वाकान बेडूक सोधतंय. ह्या बायन माझा काम अर्ध्यावर आणल्यान. आठ दिवसांनी येतंय. ह्या सगळा झाला तर सही करतंय, नाय झाला तर करूचंय नाय.”

ते आठ दिवस आमच्या घरात कुणाला बसायला मिळालं नाही. टाकीला झाकण आलं. बेडूक विहिरीत सोडला, तो तिसऱ्या दिवशी परत टाकीपाशी, पुन्हा सोडला, पुन्हा आला, शेवटी जावेने त्याला डब्यात घालून स्कूटरवरून ओहोळापर्यंत पोचवलं. बोका पिंगुळीला माझ्या भावाकडे गेला. त्याने तिथे दोनदा दूध सांडल्याचा फोन आला, पण परत घेणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं. सासऱ्यांना गळ्यात दोरी बांधून चमचा दिला. यंत्र मी माझ्या पेन्शनीतून आणलं.

आणि पहिल्याच दिवशी चार वाजता मी खिडकी बंद केली. सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. ट्रेमध्ये सगळ्या सारख्या कपबश्या, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. काहीतरी बोलावं असं मी दिवसभर ठरवत होते, दोन वाक्यं पाठही केली होती. थोरली पाटावर बसली, एक घोट घेतला आणि म्हणाली, “बाई, आज साकर कमी पडली.” माझी पाठ केलेली वाक्यं तिथेच राहिली. मी साखरेचा डबा पुढे केला.

आठव्या दिवशी साहेब आले. टाकीत वाकून बघितलं, टोप्या मोजल्या, सासऱ्यांचा चमचा उलटा करून पाहिला, नवं यंत्र तेलात घालून आकडा लिहिला. मग म्हणाले, “आता चहा घेऊ.” जावेने माझ्याकडे बघितलं. मी ट्रे घेऊन शेडमध्ये आले. अकरा माणसं, अकरा कप. साहेबांनी कप उचलला नाही. ते थोरलीकडे वळले.

“ह्येतलो तुमचो कप खंयचो?”

बागेतल्या खोप्या रिकाम्या करायला बागवाल्याने चारच दिवस दिले होते, आणि सहीचा कागद साहेबांच्या मांडीवर उघडा होता. थोरलीने ट्रेकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं मला वाटलं, आणि मी मध्ये बोलायला तोंड उघडलं.

“जो जास्ती भरललो आसा तो,” ती म्हणाली आणि तिने बरोबर तोच उचलला.

तो मी माझ्यासाठी भरून ठेवला होता. साहेब इतके हसले की त्यांचं पेन खाली पडलं. ते शोधून त्यांनी सही केली, आणि जाऊ भट्टीवर डोकं टेकून रडायला लागली. थोरली दोन्ही हातांत कप धरून फुंकत बसली होती. मी आत गेले आणि पुन्हा चहा टाकला, या वेळी साखर बघून.